डोस भरला की घरी

आमच्या टोळीत किस्से एवढे का साठतात, याचं कारण साधं आहे. आमचं दिवसाचं काम चार मिनिटांचं असतं. कधी तीन, कधी सहा. त्या चार मिनिटांसाठी सकाळी सातला माणसाला बसमध्ये कोंबतात, गेटवर तपासतात, कपडे बदलायला लावतात, परत तपासतात, आणि काम झालं की सावलीत आणून बसवतात. उरलेला दिवस करायचं काय? समोर तळं, मागं अणुभट्टी, मोबाईल गेटवर जमा. मग बोलायचं. अकरा माणसं रोज सात तास बोलायला लागली की आठवड्याभरात सगळं खरं बोलून संपतं. दुसऱ्या आठवड्यापासून किस्से सुरू होतात.

केंद्राचं नाव सांगत नाही, सही घेतलेली आहे. एवढंच धरून चला की आमच्या लोहाऱ्याहून दीड दिवसाच्या वाटेवर, एका धरणाच्या पाण्याकाठी ते आहे. तिथं एकाहून जास्त युनिटं आहेत. त्यातलं एखादं दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. शटडाऊन आला की ठेकेदाराला माणसं लागतात, आणि ती आमच्या तालुक्यातून जातात.

आता डोस. आत जाताना छातीला बिल्ला लावतात आणि खिशाला एक पेन. दोन्हींत अंगानं किती किरण घेतले याची नोंद होते. पेन उजेडाकडं धरून डोळा लावला की आतली बारीक रेष कुठवर सरकली ते लगेच दिसतं. ठेक्यावरच्या माणसाला वर्षाची एक मर्यादा असते. ती भरली की काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. फक्त बोर्डावर नाव लागतं आणि माणूस घरी.

बाकी दहा जणांना घरी जायचं नसायचं, कारण घरी काम नव्हतं. मला जायचं नव्हतं, कारण घरी अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील, गावातल्या हायस्कुलात विज्ञानाचे शिक्षक. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तेव्हा ते म्हणाले, "आता तुझं-माझं बोलणं संपलं." गावात मोठी माणसं शब्द देतात आणि संध्याकाळपर्यंत मोडतात. माझ्या बापानं आयुष्यात एक शब्द पाळला, तो हा.

*

टोळीचा मुकादम वसंतनाना. वय साठीच्या पुढं, कागदावर बावन्न. नानाचा दावा असा की हे केंद्र त्यानं उभं केलं. नवा माणूस आला की नाना त्याला तळ्याकाठी नेऊन इतिहास सांगणार. आधी इथं नदी होती. मग धरण झालं, गावं पाण्यात गेली. मग सरकारला वाटलं, एवढं पाणी नुसतं पडून हाय, तर भट्टी बांधावी. भट्टीला पाणी लई लागतं. आत अणू फुटतो, त्याच्या उष्णतेनं वाफ होते, वाफेवर चाकं फिरतात, आणि त्या वाफेचं परत पाणी करायला हे तळं. "पहिलं युनिट म्या उभं केलं. तवा हितं कुत्रं बी नव्हतं."

एक दिवस मी विचारलंच. "नाना, उभं केलं म्हणजे नेमकं काय केलं?"

"काम केलं."

"कसलं?"

"रंगाचं."

"भिंती रंगवल्या?"

"भिंतीला दुसरी टोळी हुती." नानानं बोट खाली दाखवलं. "म्या खालच्या रेषा मारल्या. पिवळ्या."

सगळे हसले. आत फरशीवर पिवळी रेष असते. अलीकडं साधी जागा, पलीकडं किरणांची. ती ओलांडताना बूट बदलावे लागतात.

"हसा," नाना म्हणाला. "भट्टी सायेब लोकांनी बांधली आसंल. पण कुठून पुढं मराण हाय, ते म्या आखून दिलंय."

आता खरं सांगतो. त्याच रेषेवरून बूट न बदलता पलीकडं जाताना मी नानाला दोनदा पाहिलंय. आपण मारलेली रेष आपल्याला लागू नसते, हे आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं मत आहे.

*

भीमा माझ्याच वयाचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, अंगानं काटक, टोळीतला सगळ्यात चपळ. आत एका जाड पाइपाच्या तोंडावरचं झाकण उघडायचं काम होतं. बारा नट. ते चार मिनिटांत व्हावं म्हणून बाहेर एका शेडमध्ये तसंच्या तसं खोटं झाकण उभं केलं होतं, आणि त्यावर दोन आठवडे सराव. साहेब स्टॉपवॉच घेऊन उभा. भीमा एवढा तयार झाला की डोळे मिटून करायचा.

ठरल्या दिवशी भीमा आत गेला. साहेब लोक बाहेर कॅमेऱ्यावर बघत होते. बारा नट सुटले. मग भीमा एक पाऊल मागं सरला आणि त्यानं त्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर सणसणीत लाथ घातली. मग झाकण काढलं, ठेवलं, बाहेर आला. साडेतीन मिनिटं.

साहेब लोकांचे चेहरे पांढरे पडले होते. भट्टीच्या पाइपाला लाथ मारणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मोठ्या साहेबानं हिंदीत विचारलं, लाथ का मारली?

भीमाला प्रश्नच कळेना. "सायेब, ट्रेनिंग में लात थी ना."

होती. शेडमधलं झाकण गंजलेलं होतं. डाव्या कोपऱ्याला लाथ घातल्याशिवाय ते सुटायचंच नाही. दोन आठवडे साहेब समोर उभा राहून ती लाथ बघत होता, आणि वेळ लिहून घेत होता.

पुढच्या शटडाऊनला शेडमध्ये नवं झाकण आलं. भीमाचा वेळ वाढला. म्हणाला, "लाथ मारायची न्हाय, हे आठवायला थांबावं लागतंय."

*

आतून बाहेर पडताना एका यंत्रात उभं राहावं लागतं. हातपाय ठरलेल्या जागी ठेवायचे. अंगावर किरणांची धूळ असली तर ते वाजतं. मग धुवायचं, परत उभं राहायचं.

आमचा दिगंबर तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला. देवीच्या दारात पाचशे माणसं नमस्कार करतात ते सोडून हा इथं का आला, ते त्यानं कधी सांगितलं नाही. भावांत वाटणी झाली असणार. त्याला मिशी होती. नुसती मिशी नव्हे, रोज आरशात वळून घेतलेली. एक दिवस यंत्र वाजलं. चेहरा धुतला, वाजलं. साबणानं धुतला, वाजलं. चौथ्यांदा वाजल्यावर तिथला माणूस म्हणाला, "मिशीत आहे. काढा."

काढली. आणि फेकली नाही बरं का. आतला कचरा फेकत नसतात. पिवळ्या पिशवीत घातली, तोंड बांधलं, वर चिठ्ठी लावली, आणि जिथं असला कचरा वर्षानुवर्षं जपून ठेवतात तिथं रवाना. दिगंबर म्हणाला, "आमच्या घराण्यात एवढी काळजी कुणाच्या मिशीची घेतली नव्हती."

संध्याकाळी खोलीवर त्याच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. अप्पा सत्तरीचे, सोवळ्यातले. मुलाचा मिशी उतरवलेला चेहरा बघितला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. आपल्याकडं मिशी कधी उतरवतात ते सगळ्यांना माहीत आहे.

"दिगंबरा, मी अजून आहे रे," अप्पा म्हणाले.

"मशीन वाजलं, अप्पा. म्हणून काढावी लागली."

"मशीन वाजलं म्हणून मिशी काढलीस. मी गेल्यावर काय काढणार आहेस?"

खोली हसून लोळली. मीही हसलो. नंतर फोन हातात घेतला. घरचा एकच नंबर होता, आईचा, आणि ती फोन मसाल्याच्या डब्यामागं ठेवून विसरते.

*

भीमा चुलतभावाच्या लग्नाला गावी जाऊन आला आणि येताना हा किस्सा घेऊन आला.

गावात तात्या आहेत. पूर्वी सरपंच होते, अजून उतरलेले नाहीत. ग्रामसभेत तात्यांनी विषय काढला की एवढी पोरं परमुलखात जातात, त्यापेक्षा भट्टी आपल्याच तलावावर आणू. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की अणुभट्टीला तळं लागतं. आमच्या तलावात पाणी चार महिने असतं. पुढचे आठ महिने तिथं पोरं क्रिकेट खेळतात.

भीमा उठून म्हणाला, "तात्या, तिला बारा म्हयने पाणी लागतंय."

"पाणी हाय तवर चालवू. आटलं की बंद ठेवू."

"बंद केली तरी ती गरमच ऱ्हाती, तात्या. बंद आसली तरी पाणी लागतंयच. न्हाय तर लफडं हुतंय."

तात्यांनी सभेकडं बघितलं. "बंद करून बी पाणी लागत आसंल, तर मग बंद करून उपेग काय? चालूच ठेवू की."

सभेनं माना डोलावल्या. ठराव मंजूर. ठरावात एक वाक्य असं होतं: सदर तलाव वर्षातील आठ महिने मोकळाच असतो, तरी त्याचा विचार व्हावा.

हा ठराव तात्यांनी लिहिला नाही, त्यांना सहीपुरतं येतं. तो लिहिला अण्णांनी, सुंदर अक्षरात. भट्टी बंद असतानाही तिला पाणी लागतं, हे अण्णांना माहीत आहे. तो धडा ते पंचवीस वर्षं शिकवतात. सभेत ते पहिल्या ओळीत बसले होते आणि भीमा एकटा उभा होता. तात्यांसमोर त्यांचं तोंड उघडलं नाही. घरात मात्र नापास पोरासमोर विज्ञान लगेच उघडायचं.

मी भीमाला विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं का सरांनी?"

"न्हाय."

भीमाला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा एक मोठा दोष आहे.

*

आत काही ठिकाणी प्लॅस्टिकचा बंद सूट घालून जावं लागतं. डोक्यापासून पायापर्यंत बंद, मागून हवेची नळी. आत गेलं की फक्त हवेचा सुस्स आवाज. जोडीदार हातभर अंतरावर असतो, पण त्याचं काही ऐकू येत नाही. खुणा करायच्या. चार मिनिटं माणूस एवढा एकटा असतो, की काहीजण गातात. भीमा मेंढरांना हाका मारतो. मी काय करतो ते सांगणार नाही.

एकदा नवे सूट आले, त्यांत कानाला आणि तोंडाशी वायर. नानाला वाटलं, ती साहेबाचं ऐकायला आहे. साहेबालाही आपलं ऐकू जातं, हे कुणी त्याला सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा तो इतिहास सांगत होता.

त्या दिवशी मी बाहेर साहेबाशेजारी अवजारांची यादी घेऊन बसलो होतो. साहेब तमिळ, तरुण, शिस्तीचा. नाना आत गेला आणि टेबलावरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"जेवलीस का? भाकर खा गं. नुसता च्या पिऊन ऱ्हाऊ नगं. गोळी घेतली का सकाळची? हंडा उचलू नगं, पोरीला सांग. ऐकतीस का?"

नानाची बायको, आमची शांताकाकू, मी इथं येण्याच्या दोन वर्षं आधी वारली. असाच शटडाऊन चालू होता. नाना तिसऱ्या दिवशी पोचला.

आमची आणि नानाची घरं लागून आहेत, मधली भिंत एक. काकू जिवंत असताना नानानं तिला "जेवलीस का" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. "वाढ" ऐकलंय. "कुठं मेली होतीस" ऐकलंय. विचारलं असतं तर ऐकू आलं असतं, भिंत पातळ आहे.

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "क्या बोल रहा है?"

"नट गिन रहे हैं, सर."

साहेब थोडा वेळ ऐकत राहिला. आत नाना विचारत होता, पाय सुजलेत का अजून.

"इतने नट वहाँ नहीं हैं," साहेब म्हणाला, आणि आवाजाचं बटण त्यानंच फिरवून बारीक केलं.

*

पहिलं वर्ष मी साध्या जागेत फरशा पुसल्या, त्यामुळं डोसचा प्रश्न आला नाही. दुसऱ्या वर्षी मला भीमाबरोबर आत पाठवायला लागले. पेनातली रेष रोज थोडी सरकायची. मी रात्री बोटांवर मोजायचो. दिवाळी निघाली. पुढं डिसेंबर निघेल असं काही वाटेना.

डोस लपवायची एक जुनी रीत आहे. कपडे बदलतो तिथं बिल्ला आणि पेन ठेवून द्यायचं आणि तसंच आत जायचं. किरण अंगात जातात, कागदावर जात नाहीत. जाणती माणसं हे वर्षानुवर्षं करत आली आणि नव्या पोरांना शिकवत आली. आपल्या अंगाशी खोटं बोलायचं शिक्षण आमच्याकडं मोफत आहे. मी दोन्ही काढून माझ्या बुटात ठेवलं. मागं नाना उभा होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"बुटात नगं ठेवू," नाना म्हणाला. "सगळे बुटातच ठेवत्यात."

मी तरी बुटातच ठेवलं. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी डोस लिहिणाऱ्या मॅडमनी बोलावलं. त्या नागपूरकडच्या. टेबलावर दोन पेनं ठेवलेली, भीमाचं आणि माझं.

"दोघं एकाच खोलीत गेले होते ना?"

"हो."

"त्याची रेष सरकली, तुझी जागेवर. तू आत होता, की फक्त तुझं नाव?"

मी माझ्या बुटांकडं बघितलं.

"बाकीचे लपवतात ते कामासाठी. तुला नवीन वर्ष लागलं की परत घेतीलच. मग कशाला?"

"मला घरी जायचं नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घरी काय, इथल्यापेक्षा जास्त आहे?"

"तिथं मोजत नाहीत, मॅडम."

भीमाचे त्या दिवसांचे आकडे त्यांनी माझ्या नावापुढं उतरवले, मागचे मिळवले आणि वही माझ्याकडं वळवली. भरला होता. दुपारी बोर्डावर नाव लागलं.

टोळीनं मला बसपर्यंत सोडलं. नानानं खांद्यावर हात ठेवला. वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी धड बोलेल.

"म्या म्हणलं हुतं," नाना म्हणाला, "बुटात नगं."

*

नळदुर्गला हायवेवर उतरलो, लोहाऱ्याची बस धरली, तिथून जीप. जीप भरेपर्यंत सुटत नाही. एक माणूस कमी होता म्हणून पाऊण तास बसून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या जीपचा राग आला नाही.

आईनं उंबऱ्यात येऊ दिलं नाही. अंगणात बादली, पाण्यात कडुलिंबाचा पाला. स्मशानातून आलेल्या माणसासारखं मला बाहेर न्हाऊ घातलं. भट्टीतून आलेल्या माणसाचं काहीतरी दुसऱ्याला लागतं, असं गावानं ठरवलंय. अण्णा ओट्यावर बसले होते. असं लागत नसतं, हेही त्यांच्याच धड्यात आहे. ते पेपर वाचत राहिले.

बोलणं आईमार्फत. "त्याला सांग, टॉवेल दोरीवर आहे." मी टॉवेलाशेजारीच उभा. "त्यांना सांग, दिसला." असं आठ दिवस. मग आई दोन दिवसांसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मावशीकडं गेली आणि पंचाईत झाली. घरात दोन पुरुष आणि एक मांजर.

अण्णा मांजराला म्हणाले, "दूध कपाटात वरच्या फळीवर आहे."

मी मांजराला म्हणालो, "भात लागला. खालचा कुणी घेऊ नये."

अण्णा मांजराला म्हणाले, "उद्या पाणी येणार नाही. पिंप भरून ठेवलेलं बरं."

दोन दिवसांत त्या मांजराला जेवढी माहिती मिळाली तेवढी जिल्ह्यातल्या कुठल्या मांजराला मिळाली नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे शिपाई मारुतीमामा आले. हातात वही, वहीत लिफाफा. अण्णा ओट्यावर, पेपर उघडा. मारुतीमामा त्यांच्यासमोरून चालत माझ्याकडं आले आणि लिफाफा दिला. वर जावक क्रमांक, आत शाळेचा शिक्का. "श्री. महेश यांस. अणुऊर्जा केंद्राच्या कामकाजाविषयी इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांना आपण मार्गदर्शन करावे, ही विनंती." खाली सही, विज्ञान शिक्षक. अक्षर ठरावातलंच, सुंदर.

"मामा," मी हळू म्हणालो, "ते तिथं बसलेत की."

"बसले असतील. पोच पायजे. हितं सही कर."

"मग उत्तर त्यांनाच सांगू का?"

"असं कसं? जावक हाय म्हणल्यावर आवक लागतीच. कागदावर दे."

मी कागदावर "येतो" लिहिलं. मारुतीमामांनी घडी घातली, चार पावलं टाकली आणि कागद अण्णांना दिला. अण्णांनी वाचला, परत घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला आणि पेपर वर धरला.

*

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला गेलो. शाळा तीच, जिथं मी शिकलो. अण्णा वर्गाच्या दारात उभे होते. "या," म्हणाले. "वेळात वेळ काढून आलात."

मला वाटलं, मागं कोणी आहे. मागं कोणी नव्हतं.

आत नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं. पोरांना म्हणाले, "आजचे पाहुणे एका अणुऊर्जा केंद्रात प्रत्यक्ष काम करतात. मी पुस्तकातलं सांगतो, यांनी पाहिलेलं आहे. काय असेल ते त्यांना विचारा." वर्गातली निम्मी पोरं मला ओळखत होती. एक पोरगी फळ्याकडं बघून हसत होती.

मी सांगितलं. तळ्याचं पाणी कुठून घेतात, गरम होऊन कुठं सोडतात. पिवळी रेष, बिल्ला, चार मिनिटं. एका पोरानं विचारलं, तिथली माणसं अंधारात चमकतात का. मी म्हणालो, तिथली माणसं उजेडातही फारशी दिसत नाहीत.

"कुणाला शंका?" अण्णांनी विचारलं. कुणाला नव्हती. "विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न असेल," ते म्हणाले. "तिथं जेवणाची सोय काय असते?"

"मेस आहे, सर. भात जास्त असतो. भाकरी मिळत नाही."

"आजारी पडल्यास?"

"दवाखाना आहे. एकदा ताप आला होता. चार दिवस."

"केव्हा?"

"गेल्या पावसाळ्यात."

अण्णांनी खडू उचलला, फळ्यावर काही लिहिलं नाही, परत ठेवला. "त्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नाही, सर. टोळी कामावर जायची."

अण्णा पोरांकडं वळले. आवाज नेहमीचा झाला, मला पाठ असलेला. "आता तुमच्यापैकी उद्या कोणी शिक्षण अर्धवट सोडलं," ते म्हणाले, आणि मला कळलं, यासाठी बोलावलंय. नारळ देऊन, शिक्का मारून, चाळीस पोरांसमोर. मी उठायच्या बेतात होतो.

ते वाक्य तिथंच थांबलं. अण्णा माझ्याकडं वळले.

"तर तिथं घेतात का?"

"घेतात, सर. फरशी पुसायला घेतात. मीही आधी तेच केलं. नंतर आत पाठवतात."

"आत म्हणजे जिथं डोस असतो."

"हो."

"तुमचा किती झाला?"

मी आकडा सांगितला. पोरांना त्यात काही कळलं नाही. अण्णांना कळला. ते तो धडा पंचवीस वर्षं शिकवतात.

"परत कधी जाणार?"

"वर्ष बदललं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. जानेवारीत बोलावतील."

"जाणार?"

"अजून ठरवलं नाही, सर."

घंटा झाली. पोरं बाकडी सरकवत गेली. मी नारळ हातात घेऊन उभा राहिलो. अण्णांनी हजेरीपट बंद केला, उघडला, परत बंद केला.

"मुलांना बरंच कळलं," ते म्हणाले. "पण एका तासात पुरं झालं नाही."

"हो, सर."

"उद्या दहावी 'ब'चा तास आहे. तुम्हाला जमेल का?"

मी त्याच शाळेत शिकलोय. दहावीची तिथं एकच तुकडी आहे.

"जमेल," मी म्हणालो. "कितव्या तासाला येऊ?"